काळा लेप चढण्याआधी गाडीचा तळ उघडा दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून सातपूर-अंबडपर्यंतच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत जुन्या मोटारींची गर्दी वाढते. पायाखालचे कार्पेट ओले राहू लागलेले असते, गाडीत कुबट वास येऊ लागलेला असतो, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होत आल्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण समोर असते. यांपैकी अनेक गाड्यांचा तळाचा पत्रा, म्हणजे फ्लोअर, गंजून सडलेला निघतो. हा फ्लोअर आपल्याकडे बहुतेकदा कसा ‘दुरुस्त’ होतो आणि तो कसा व्हायला हवा, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी नोकरीची सगळी वर्षे पत्र्याच्या कामात, प्रेस शॉप आणि वेल्डिंग विभागात गेली, आणि निवृत्तीनंतरही ओळखीची माणसे जुनी गाडी घेण्याआधी ती मला दाखवायला आणतात. माझी मागणी एकच आहे. फ्लोअरचे काम झाल्यावर त्यावर काळा डांबरी लेप (अंडरकोट) चढवण्याआधी, जोड उघडे दिसत असताना, ते काम गाडीच्या मालकाला दाखवले जावे, आणि हा नाशिकच्या गॅरेजांचा रिवाज व्हावा.

फ्लोअर म्हणजे पाय ठेवायची जागा, पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला पत्रा, असा समज सर्वत्र आहे. जीप किंवा बोलेरोसारख्या गाडीत तो काही अंशी खरा आहे, कारण तिथे खाली जाड लोखंडी चेसिस, म्हणजे सांगाडा, वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. परंतु प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर, मारुती ८०० आणि त्यानंतर आपल्या रस्त्यांवर आलेल्या बहुतेक सर्व लहान मोटारींना अशी वेगळी चेसिसच नाही. त्यांत फ्लोअर, दाराखालची पोकळ पेटी म्हणजे रनिंग बोर्ड, मधला बोगदा म्हणजे पुढच्या दोन सीटांमधला फ्लोअरचा उंचवटा, आडवे पत्रे आणि छत हे सगळे शेकडो स्पॉट वेल्डांनी, म्हणजे ठिपक्यासारख्या वेल्डिंगच्या जोडांनी, एकमेकांत जोडून त्या जोडणीवरच गाडीचे वजन आणि धक्के पेलले जातात. पुढच्या सीटचे रूळ याच फ्लोअरवरच्या आडव्या पत्र्यांना बोल्ट केलेले असतात, सीट बेल्टचे कुलूप ज्या पट्टीला असते तिचा बोल्ट बोगद्यात, फ्लोअरमध्ये किंवा त्यांवरच बसवलेल्या सीटच्या चौकटीत जातो, हँडब्रेकचा दांडा तिथेच बसवलेला असतो, आणि ब्रेकच्या व पेट्रोलच्या नळ्या त्याच पत्र्याच्या खालून, त्याला क्लिपांनी धरून मागे जातात. अपघाताच्या क्षणी माणसाचे सगळे वजन बेल्टमार्गे ज्या बोल्टावर येते, त्या बोल्टाभोवतीचा पत्रा बोटाने दाबला तरी चुरत असेल तर बेल्ट लावूनही तो माणूस सुरक्षित नाही. ब्रिटनमध्ये दरवर्षी होणाऱ्या वाहन-तपासणीत सीट बेल्ट, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांच्या आधारबिंदूंपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झालेला आढळला तर गाडी नापास करतात, ती याच कारणाने.

दुसरा धोका धुराचा आहे. जुन्या गाडीत फ्लोअरला भोक पडते त्याच सुमारास सायलेन्सरचा पाइपही गंजलेला असतो, आणि दोन्ही फुटले की इंजिनाचा धूर काचा बंद असलेल्या गाडीत शिरू लागतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. कसारा घाटात किंवा द्वारका चौकातल्या कोंडीत एसी लावून, काचा चढवून बसलेल्या कुटुंबाला डोके दुखू लागले तर ते प्रवासाचा शीण समजतील, फ्लोअरकडे कोणाचे लक्ष जाणार नाही.

‘नाशिकची हवा कोरडी, इथे गाडी सडत नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने गाडीचा बाहेरचा पत्रा खाल्ला जातो तसा तो इथे खाल्ला जात नाही, हे मान्य आहे. पण फ्लोअर गंजतो तो बहुधा आतून, आणि त्याला लागणारे पाणी गाडी स्वतःच साठवते. पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीमागे, एक पन्हळ असते आणि तिच्यातले पाणी बाजूच्या भोकांतून खाली जावे अशी रचना असते. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत त्या झाडाची बारीक पाने ही भोके बुजवून टाकतात, मग पाणी साचते आणि कुठल्या तरी जोडातून डॅशबोर्डमागे उतरते. दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके चिखलाने बंद झाली की पाणी दारातून आत वळते. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन आक्रसले की कोपऱ्यातून थेंब थेंब झिरपते. एसीच्या पाण्याचा निचरा करणारी बारीक नळी धुळीने तुंबली, तर ऐन एप्रिल-मे महिन्यांत, आकाशात ढग नसताना, डाव्या बाजूच्या पायाखाली पाणी साचते, आणि उन्हाळ्यात कार्पेट ओले कसे याचे मालकाला आश्चर्य वाटत राहते. ते पाणी चिकट आणि गोडसर वासाचे असेल तर ते एसीचे नसून हीटरच्या गळणाऱ्या रेडिएटरमधले कूलंट आहे, हेही इथेच सांगून ठेवतो.

हे सगळे पाणी फ्लोअरवर मोकळे पडले असते तर वाळलेही असते. परंतु कार्पेटखाली जाड फेल्ट असते, त्याखाली आवाज दाबण्यासाठी चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या असतात, आणि वरून आपण प्लास्टिकचे किंवा रबराचे मॅटिंग टाकतो. फेल्ट पाणी धरून ठेवते, मॅटिंग त्याला उडू देत नाही, आणि डांबरी पट्टीची कड एकदा सुटली की तिच्या पोटात ओल महिनोन्‌महिने राहते. वरून कार्पेट कोरडे लागते, खाली पत्रा रात्रंदिवस ओला असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज ते दोन्ही पत्रे आतून फाकवतो आणि स्पॉट वेल्ड एकेक करून सुटत जातात.

नाशिकपुरत्या आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे जुन्या बाजारातून येणाऱ्या पुष्कळ गाड्या मुंबई, ठाणे, वसई भागातल्या असतात. त्या येताना पत्र्याच्या जोडांत मीठ घेऊन येतात आणि इथल्या कोरड्या हवेतही तो क्षार ओल ओढून घेत राहतो. दुसरी म्हणजे पूर. गोदावरीला २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या मोठ्या पुरांत नदीकाठी उभी असलेली पुष्कळ वाहने पाण्यात गेली. अशी गाडी धुऊन, सीटची कव्हरे बदलून पुन्हा चालू होते, पण रनिंग बोर्डाच्या पोकळीत बसलेला गाळ कोणी काढत नाही, आणि तो गाळ पुढची कित्येक वर्षे ओल धरतो.

तिसरी गोष्ट मोटारीविषयीच्या लिखाणात कुठे वाचायला मिळत नाही, पण निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या गाड्यांत ती मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. द्राक्षबागायतदार आपली जुनी मोटार बागेच्या कामालाही वापरतो. छाटणीनंतर बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी लागणारा मोरचूद (तांब्याचा क्षार), पालाशाची खते, फवारणीची डबडी डिकीत किंवा मागच्या सीटखाली ठेवलेली असतात आणि पिशवीतून सांडलेले खडे कार्पेटमध्ये जाऊन बसतात. बोर्डो मिश्रणात चुना पुरेसा पडला की नाही हे पाहायला बागायतदार त्यात विळा बुडवतो, आणि पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजतो. तो थर तांब्याचा असतो, आणि जितके तांबे पात्यावर बसते तितके लोखंड पाण्यात विरघळलेले असते. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये असे कृषी विभाग सांगतो तेही यामुळेच. हीच क्रिया गाडीच्या फ्लोअरवर, ओल्या फेल्टखाली, घडते, आणि मागे उरलेल्या तांब्यामुळे त्याच्या शेजारचा पत्रा आणखी वेगाने खाल्ला जातो. आमच्या एका व्याह्यांच्या गाडीत मागच्या फ्लोअरला पडलेली भोके नेमकी मोरचुदाची पिशवी ठेवायच्या जागी होती. त्या गाडीच्या बाकीच्या पत्र्याला फारसे काही झाले नव्हते. बागायतदारांनी मोरचूद आणि खते झाकणाच्या प्लास्टिक डब्यात न्यावीत आणि हंगाम संपला की कार्पेट काढून फ्लोअर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, एवढे केले तरी गाडी कितीतरी वर्षे जास्त टिकेल.

आता दुरुस्तीकडे येतो. आपल्याकडे सर्वांत जास्त चालणारी रीत अशी आहे की सडलेल्या भागावर, तो तसाच ठेवून, वरून नवा पत्रा टाकायचा, कडेने रिव्हेट मारायचे किंवा मिळेल तिथे वेल्डिंगचे ठिपके द्यायचे, फटी एमसीलने किंवा बॉडी फिलरने भरायच्या, आणि गाडी उचलून खालून डांबरी काळा अंडरकोट मारून द्यायचा. काही ठिकाणी पत्र्याऐवजी फायबरचे कापड आणि रेझिन लावतात, काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमची नक्षीदार चेकर प्लेट टाकतात, जी दिसायला फार मजबूत दिसते. संध्याकाळी गाडी घरी जाते, पायाखाली कडक लागते, खालून नव्यासारखी दिसते, आणि मालक समाधानाने पैसे देतो.

ही रीत निरुपयोगी आहे एवढेच म्हणून थांबता येत नाही, ती अपायकारक आहे. फाटक्या कापडाला ठिगळ लावायचे तरी टाका धड कापडात पडावा लागतो. इथे टाका कुजक्या भागातच पडतो. शिवाय नवा आणि जुना पत्रा यांच्यामध्ये जी चिरेएवढी फट राहते तिच्यात पाणी शिरते पण हवा खेळत नाही, आणि ज्या जागी प्राणवायू कमी पोहोचतो तिथलेच लोखंड अशा फटीत अधिक वेगाने झिजते. म्हणजे झाकलेला गंज थांबत नाही, उलट त्याला अनुकूल जागा मिळते. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद ओलीत एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट काही पावसाळ्यांत पांढरी भुकटी होऊन सैल पडतात. फायबरने पाणी अडते, पण सीट आणि बेल्ट यांचा ताण पत्र्याकडून पत्र्याकडे पोहोचवायचे काम त्याच्याने होत नाही. आणि काळ्या अंडरकोटखाली हे सगळे दिसेनासे होते, ही यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. पंधरा-सतरा वर्षांच्या गाडीचा तळ एकसारखा, ताजा, चकचकीत काळा दिसला तर विकत घेणाऱ्याने खूश न होता आधी संशय घ्यावा, असे मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

नीट काम कसे होते हे लिहिताना थोडा तपशील येणे अपरिहार्य आहे, कारण तपशील माहीत नसल्यामुळेच मालकाला काय विचारावे ते कळत नाही.

सर्वांत आधी पाणी कुठून येते ते शोधून बंद करावे लागते; ते न करता घातलेला उत्तम पत्राही पुन्हा सडेल. त्यानंतर सीट, कार्पेट आणि फेल्ट पूर्ण बाहेर काढायचे आणि डांबरी पट्ट्या खरवडून पत्रा उघडा करायचा. मग स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबत आणि हातोडीने हलके ठोकत संपूर्ण फ्लोअर तपासायचा. धड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. दिसणाऱ्या भोकाभोवती बऱ्याच अंतरापर्यंत पत्रा पातळ झालेला असतो, त्यामुळे अंदाज सांगताना जाणता डेंटर नेहमी ‘उघडल्यावर कळेल’ असे म्हणतो, आणि गिऱ्हाइकाने त्यात फसवणूक पाहू नये.

कापायला सुरुवात करण्याआधी बॅटरी काढायची, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत कंट्रोल युनिटचे कनेक्टर सोडवायचे, खालच्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या क्लिपांतून काढून बाजूला घ्यायच्या, पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवायची, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवायचा. वेल्डिंगची उष्णता पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या फेल्टला आणि वायरिंगला पेटवू शकते, म्हणून एक माणूस त्या बाजूला लक्ष ठेवून उभा असावा. गाडी सपाट जमिनीवर, घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर), चारही बाजूंनी सारखी टेकवून घ्यायची. रनिंग बोर्डही कापायचा असेल तर दाराच्या चौकटीत आधीच आडवी-तिरपी नळी तात्पुरती वेल्ड करून चौकट बांधून घ्यायची, नाहीतर फ्लोअर कापल्यावर बॉडी किंचित खाली बसते आणि त्याच स्थितीत नवा पत्रा जोडला गेला की दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर दाराच्या फटी मोजून पाहणे हा यावरचा सोपा पडताळा आहे.

त्यानंतर सडलेला भाग, ग्राइंडरने, चकचकीत आणि पूर्ण जाडीचे लोखंड लागेपर्यंत कापून काढून टाकायचा. कामाचा प्रामाणिकपणा इथेच ठरतो. भोक हातभर मोठे झालेले पाहून मालक घाबरतो, आणि तो घाबरू नये म्हणून कमी कापले जाते. पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावरून नवा पत्रा बेतायचा. मूळ फ्लोअर साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे साधारण २० गेजचा सी.आर. (थंड लाटलेला) पत्रा योग्य ठरतो. त्याहून जाड घातला तर जोडाच्या दोन्ही बाजूंना जाडीचा फरक पडतो आणि वेल्डिंगच्या वेळी पातळ बाजू जळून भोक पडते. जस्ताचा थर असलेला जी.आय. पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तोच मागतात, पण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, त्याने कारागिराला थंडी वाजून ताप भरतो, आणि जोडही सच्छिद्र होतो. तो वापरायचाच असेल तर जोडाच्या कडेचे जस्त घासून काढावे लागते आणि जागा हवेशीर लागते. मूळ फ्लोअरला ज्या उठावदार पन्हळी असतात त्या नव्या पत्र्यातही घ्याव्या लागतात, कारण पातळ पत्र्याला ताठपणा त्यांनीच येतो. सपाट पत्रा चालत्या गाडीत डबडबतो आणि त्याच्या कडा हळूहळू तडकतात.

जोडकाम सीओटू वेल्डिंगने, म्हणजे वायूच्या आवरणात बारीक तार वितळवून होणाऱ्या वेल्डिंगने, व्हावे, असा माझा आग्रह आहे. साध्या आर्क वेल्डिंगने इतका पातळ पत्रा जळतो, आणि गॅस वेल्डिंगने तापलेला भाग मोठा होत असल्यामुळे पत्रा पीळ खातो. गॅसवर सुंदर काम करणारे जुने कारागीर आपल्याकडे आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण तशी माणसे आता थोडी उरली. सीओटूनेही एका दमात लांब जोड ओढायचा नसतो. आधी अंतराअंतरावर टाके मारायचे, मग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, असे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे भरत, मध्ये पत्रा निवू देत, जोड पूर्ण अखंड करायचा. जिथे मूळ गाडीत स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला सुमारे आठ मिलिमीटरची भोके पाडून ती वेल्डने भरायची, म्हणजे दोन्ही पत्रे मुळासारखे बांधले जातात. सीट, बेल्ट किंवा जॅक यांच्या जागी मुळात जाड पत्र्याची दुहेरी पट्टी असते, ती गेली असेल तर तीही नव्याने घालावी लागते.

आणि या क्षणी, जोड घासून स्वच्छ झाले आहेत पण त्यांवर अजून काहीही लावलेले नाही, तेव्हा मालकाला बोलावले पाहिजे. त्याला वेल्डिंगचे ज्ञान नसले तरी चालेल. जोड सलग आहे की तुटक, जुना गंज खाली राहिला आहे की कापून काढला आहे, उजेडाकडे धरलेल्या जागी प्रकाश झिरपतो की नाही, हे कोणालाही दिसते. यायला वेळ नसेल तर कापल्यानंतरचे आणि जोडल्यानंतरचे फोटो मोबाइलवर पाठवावेत. चांगल्या कारागिराला याची भीती वाटण्याचे कारण नाही. त्याचे काम आज लेपाखाली झाकले जाते आणि वाईट कामाच्याच भावात मोजले जाते.

त्यानंतरचे काम थोडक्यात सांगता येईल. उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमर, जोडांना दोन्ही बाजूंनी सीलर, त्यावर रंग, आणि सर्वांत शेवटी खालून अंडरकोट, असा क्रम असावा. नुसते रेड ऑक्साइड मारून सोडू नये, कारण त्यातून ओल आत जाते. रनिंग बोर्डासारख्या पोकळ पेट्यांत ब्रश पोहोचत नाही, तिथे नळीने मेण फवारावे. निचऱ्याची भोके मात्र लेपाने बुजणार नाहीत याकडे लक्ष ठेवावे, आणि फ्लोअरची रबरी बुचे नवी घालावीत.

प्रत्येक गाडी वाचवावी असे माझे म्हणणे नाही. मागच्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे आधार, पुढच्या खांबांचे मूळ आणि दोन्ही रनिंग बोर्ड हे सगळेच सडले असेल तर ती गाडी रस्त्यावर ठेवू नये. ती नोंदणीकृत वाहन-मोडीत केंद्राला द्यावी, तिथे तिचे जमा-प्रमाणपत्र मिळते. परंतु ज्या गाडीचे इंजिन चांगले आहे, जिचा फ्लोअर दोन-चार ठिकाणीच गेला आहे, ती नीट दुरुस्त झाल्यास आणखी बरीच वर्षे चालते, आणि नवी गाडी घेणे न परवडणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक मोठा असतो. अशा कुटुंबाला स्वस्त काम करून देतो असे सांगून ठिगळ मारणे ही त्याची बचत नव्हे, कारण ते काम त्याला दोन-तीन वर्षांत पुन्हा करावे लागते आणि तोवर धड असलेला शेजारचा पत्राही गेलेला असतो.

दोष एकट्या कारागिराचा नाही, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. ‘पासिंगपुरते करून द्या’, ‘विकायचीच आहे, वरून झाका’ असे सांगणारे गिऱ्हाईक आपल्यातलेच असते. ती झाकलेली गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाते, आणि मागच्या सीटवर त्या घरातली मुले बसतात. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी फ्लोअरचे काम झालेले असेल तर ते लेखी सांगावे आणि घेणाऱ्याला कार्पेट उचलून पाहू द्यावे. जो विक्रेता कार्पेट उचलू देत नाही त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

खासगी मोटारीची नोंदणी मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार १५ वर्षांची असते आणि त्यानंतर ती तपासणी होऊन ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयाला माझी विनंती आहे की या तपासणीत गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन तिचा तळ, विशेषतः सीट आणि बेल्ट यांच्या बोल्टांभोवतीचा पत्रा, पाहिला जावा, आणि फ्लोअरचे काम झालेले असल्यास त्याचे लेपाआधीचे फोटो अर्जासोबत मागण्याची पद्धत सुरू करण्याचा विचार व्हावा. परिवहन कार्यालय फोटो मागते हे कळले की गॅरेजेही ते काढू लागतील.

शेवटची विनंती सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत वेल्डर आहे, शीट मेटल वर्कर आहे, वाहनांच्या बॉडी दुरुस्तीचाही स्वतंत्र व्यवसाय आहे. वेल्डिंग शिकणारा मुलगा जाड पट्ट्यांवर हात बसवतो, पण पाऊण मिलिमीटरचा, एका बाजूने गंजलेला, डोक्यावरचा पत्रा जोडण्याची वेळ त्याच्यावर थेट गॅरेजात येते. मोडीत निघणाऱ्या गाड्यांचे फ्लोअर आणि रनिंग बोर्ड कार्यशाळेत आणून ते कापणे, नवा पत्रा बेतणे आणि सीओटूने जोडणे याचा सराव मुलांना देता येईल. नाशिकमधले जे जुने डेंटर हे काम आजही नीट करतात, त्यांना मानधन देऊन आठवड्यातून एखादा दिवस तिथे शिकवायला बोलावावे. त्यांपैकी अनेकांची वये आता साठीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे या शैक्षणिक वर्षातच सुरू व्हावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शीट मेटल कामगार,
सिडको, नाशिक